डिझेल गाडीत कोणतं इंजिन ऑइल? आधी राख बघा, मग जाडी

प्रश्न थोडक्यात असा: घरात दोन डिझेल गाड्या. एक २०१३ ची स्विफ्ट, १.३ लिटरची, एक लाख साठ हजार किलोमीटर पळालेली. दुसरी २०२१ ची बीएस-६ एसयूव्ही, जी बहुतेक वेळ गावातल्या गावातच फिरते. मेकॅनिक म्हणतो, दोन्हीत १५डब्ल्यू-४० टाका, बॅरलमधलं सुटं घेतलं तर स्वस्तात पडेल. दुकानदार म्हणतो, दोन्हीत फुल सिंथेटिक टाका, डोक्याला ताप नको. आणि घरच्यांचं म्हणणं, उन्हाळ्यात नागपूरला जाणं-येणं असतं, तेव्हा जाडच ऑइल पाहिजे.

तिघांचं म्हणणं अर्धं-अर्धं बरोबर आहे आणि तिघांनीही महत्त्वाची गोष्ट विचारलेलीच नाही. ती म्हणजे नव्या गाडीला डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी, आहे का? २०२१ ची बीएस-६ डिझेल म्हणजे आहेच, असं धरून चाला. एकदा डीपीएफ आला की ऑइल निवडण्याचा क्रम उलटतो. जुन्या गाडीला ऑइल किती जाड हे आधी विचारायचं, नव्या गाडीला ते जळल्यावर राख किती उरते हे आधी विचारायचं. गॅरेजमध्ये याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

आधी कॅन हातात घ्या आणि पुढची बाजू विसरून जा. पुढे 'टर्बो', 'अल्ट्रा', 'प्रो', 'फुल सिंथेटिक' असं काय काय छापलेलं असतं. त्यातल्या एकाही शब्दावरून ते तुमच्या गाडीला चालेल की नाही ते कळत नाही. कॅन फिरवा. मागे अगदी बारीक अक्षरांत दोन-तीन ओळी असतात: एपीआय अमुक, एसीईए तमुक, आणि खाली एखाद-दुसऱ्या गाडीकंपनीचा नंबर. या ओळींसाठी आपण पैसे मोजतो. एपीआय ही अमेरिकेची प्रतवारी, एसीईए युरोपातल्या गाडीकंपन्यांच्या संघटनेची. आपल्याकडच्या डिझेल कारच्या मॅन्युअलमध्ये यांपैकी एक किंवा दोन्ही दिलेल्या असतात.

इथेच एक नेहमीची फसगत सांगून ठेवतो. कॅनच्या मागे 'एपीआय एसएन/सीएफ' असं दिसलं की दुकानदार म्हणतो, बघा, सीएफ म्हणजे डिझेललाही चालतं. एस ने सुरू होणारी प्रत पेट्रोलची आणि सी ने सुरू होणारी डिझेलची, इथपर्यंत त्याचं बरोबर आहे. पण सीएफ ही १९९४ ची प्रत आहे आणि केव्हाच कालबाह्य झाली आहे. आजच्या कॉमन रेल डिझेलला, तीही टर्बो असलेल्या, नुसत्या सीएफच्या भरवशावर ऑइल टाकणं म्हणजे काजळीशी लढायला रिकाम्या हाताने पाठवणं. डिझेलच्या प्रती क्रमाने अशा आल्या: १९९८ ला सीएच-४, २००२ ला सीआय-४, त्यानंतर सीआय-४ प्लस, २००६ ला सीजे-४ आणि २०१६ च्या शेवटी सीके-४. त्याच वेळी एफए-४ नावाची एक पातळ जातही आली. ती काही ठरावीक नव्या ट्रक इंजिनांसाठी आहे. कंपनीने लिहून दिलं नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

आता जाडी. १५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहतं ते सांगतो आणि नंतरचा आकडा गरम झाल्यावर किती जाड राहतं ते. ४० म्हणजे शंभर अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स (हे जाडीचं माप), ३० म्हणजे ९.३ ते १२.५. तुमच्या घरच्यांचा नागपूरचा मुद्दा इथे येतो. बाहेर ४६ अंश असले तरी इंजिनाला त्याची फारशी पर्वा नसते. थर्मोस्टॅट कुलंटला नव्वदच्या आसपास धरून ठेवतो, चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं, ऑइल शंभर-एकशे दहाला खेळत असतं. मे महिन्यातलं नागपूर आणि डिसेंबरातलं निफाड यांत गरम इंजिनाच्या ऑइलला फार थोडा फरक जाणवतो. ऑइल खरंच तापतं ते भरल्या गाडीने कसारा किंवा खंबाटकी चढताना, दुसऱ्या गिअरमध्ये, मागे टेम्पोची रांग असताना. तेव्हा ते एकशे वीस-तीसलाही जातं. म्हणजे नागपूरला जायचं म्हणून २०डब्ल्यू-५० टाकायचं हे कारण टिकत नाही.

'३० म्हणजे पातळ, पातळ म्हणजे इंजिन घासणार' ही भीतीही जरा तपासून घ्या. बेअरिंगमध्ये ऑइलचा थर तग धरतो की नाही हे दीडशे अंशांवर आणि जोराच्या ताणाखाली मोजतात, त्याला एचटीएचएस म्हणतात. १५डब्ल्यू-४० ला हा आकडा किमान ३.७ लागतो. एसीईए सी३ प्रतीच्या (ही युरोपची सी, एपीआयची डिझेलवाली सी नव्हे) ५डब्ल्यू-३० ला किमान ३.५. बघा, फरक केवढासा आहे. मात्र सगळी ५डब्ल्यू-३० सारखी नाहीत: सी२ प्रतीला किमान २.९ पुरतो आणि सी५ तर २.६ ते २.९ च्या मधे बसते. म्हणून 'मला ५डब्ल्यू-३० द्या' एवढं म्हणून भागत नाही. पुढे सी२, सी३ की सी५ हे म्हणावंच लागतं. हे विचारणारं गिऱ्हाईक आलं की दुकानदार आधी तोंडाकडे बघतो, मग आत जाऊन दुसरा कॅन घेऊन येतो.

तुमच्या स्विफ्टचं इंजिन माझ्या चांगल्या परिचयाचं आहे. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट. पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनायचं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, व्हिस्टा, मान्झा, पुन्टो, लिनिया अशा इतक्या गाड्यांत ते बसलं की लोक गमतीने त्याला राष्ट्रीय डिझेल इंजिन म्हणायचे. बीएस-६ आलं आणि आपल्याकडे ते बंद झालं. या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल काजळीने भरलं, जुनं झालं की चेनच्या पिना घासतात, चेन लांबते. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद पुढच्या बाजूने खडखड आवाज येतो, मग बंद होतो. हा आवाज ऐकला तर ऑइल बदलून गप्प बसू नका, चेन तपासून घ्या. चेन दात सोडून सरकली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात आणि मग हेडचं काम निघतं.

म्हणून या गाडीत मेकॅनिकने सांगितलेलं १५डब्ल्यू-४० मला पटत नाही. जाड ऑइलने इंजिन लगेच बसेल असं नाही. अशा कितीतरी गाड्या १५डब्ल्यू-४० वर पळताहेत. पण या इंजिनाच्या ऑइलवाटा अरुंद आहेत आणि सकाळच्या गार स्टार्टला टेन्शनरपर्यंत, टर्बोपर्यंत ऑइल जितकं लवकर पोचेल तितकं बरं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याला तरंगत ठेवायला ऑइलशिवाय दुसरं काही नसतं. ५डब्ल्यू-३० घ्या, प्रत मॅन्युअलमध्ये छापली असेल ती. मॅन्युअल हरवलं असेल तर सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर गाडीचा नंबर देऊन कंपनीच्या ऑइलच्या कॅनचा मागचा भाग वाचून या. विकत तिथूनच घ्यायला पाहिजे असं नाही. गाडी ऑइल खात असेल, म्हणजे दोन सर्व्हिसिंगच्या मधे लिटर-दीड लिटर टॉप-अप लागत असेल, तर सी३ किंवा एसीईए ए३/बी४ प्रतीतलं ५डब्ल्यू-४० वापरून बघायला हरकत नाही. पण आधी टर्बोचा पाइप काढून आत ऑइलचं ओलेपण किती आहे ते बघा. टर्बोचं सील गेलं असेल तर जाड ऑइलने खर्च फक्त पुढे ढकलला जातो.

फुल सिंथेटिकचा हट्टही या गाडीला धरायची गरज नाही. ५डब्ल्यू-३० बनवायचं म्हटलं की तसंही ते सिंथेटिक किंवा त्याच्या जवळपासचं असतं. पैसे वाचवायचे असतील तर ब्रँडमध्ये वाचवा, प्रत तीच ठेवा. आणि ऑइल बदलायला दहा हजार किलोमीटरची वाट बघू नका. या वयाच्या १.३ ला मी साडेसात हजारांना ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलतो, ओ-रिंग दर वेळी नवी. महागडं ऑइल पंधरा हजार चालवण्यापेक्षा मधल्या किमतीचं साडेसातला बदललेलं चेनला जास्त मानवतं.

काळं झालं म्हणून मात्र बदलू नका. डिझेलचं ऑइल नवं टाकून शे-दोनशे किलोमीटर गेलात की काळंच दिसणार. काजळी धरून ठेवणं, तिचे गोळे होऊ न देणं हे त्याचं कामच आहे. उलट दहा हजारांनंतरही ऑइल सोनेरी राहिलं तर मला शंका येईल. दोन बोटांत चोळून 'अजून चिकट आहे, चालेल' म्हणणाऱ्या मेस्त्रींना नमस्कार करून पुढे जा, बोटाला यातलं काही कळत नाही. गाळणकागदावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवला तर थोडं समजतं. मधला काळा ठिपका कडेला कडक रेघ धरून थांबला आणि बाहेर काही पसरलंच नाही, तर काजळी पेलण्याची ताकद संपत आली. बाहेर रुंद, फिकट, तेलकट कडं आलं आणि त्याला डिझेलचा वास असेल, तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय.

हे डिझेल उतरण्याचं प्रकरण तुमच्या नव्या गाडीत जास्त महत्त्वाचं आहे. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत बसवलेली सिरॅमिकची बारीक छिद्रांची जाळी. काजळी तिच्यात अडकते. ठरावीक साठली की गाडी स्वतःच ती जाळून टाकते, त्याला रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी जाळीचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास न्यावं लागतं, आणि ते नेण्यासाठी इंजिन उशिरा, पिस्टन खाली जाताना, थोडं जादा डिझेल सोडतं. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून चेंबरमध्ये येतं. हायवेवर हे काम एका दमात उरकतं. गावातल्या गावात शाळा, बाजार, बँक असं फिरताना ते अर्ध्यात तुटतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं. दर वेळी थोडं डिझेल ऑइलमध्ये.

म्हणून या गाडीत डिपस्टिकवर ऑइल कमी होतंय का एवढंच बघू नका, वाढतंय का तेही बघा. सपाट जागेवर, गरम इंजिन बंद करून पाच मिनिटांनी. मॅक्सच्या खुणेच्या वर गेलं असेल आणि पट्टीला डिझेलचा वास येत असेल तर किलोमीटर किती झाले ते न पाहता ऑइल बदला. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं हे एक. दुसरं जास्त भयंकर: पातळी फारच चढली तर ऑइल ब्रीदरच्या नळीतून इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या वाटेत, खेचलं जातं आणि डिझेल इंजिन स्वतःच्या ऑइलवर पळू लागतं. किल्ली बंद केली तरी थांबत नाही. असा प्रसंग विरळा, पण ज्याने बघितलाय तो डिपस्टिक नंतर कधी विसरत नाही.

आता राख. काजळी जळते, राख जळत नाही. ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त असलेली द्रव्यं घातलेली असतात. आम्ल मारणं, झीज थांबवणं, आतली स्वच्छता ठेवणं ही कामं तीच करतात. प्रत्येक इंजिन थोडं ऑइल जाळतंच, आणि ते जळल्यावर या धातूंची राख डीपीएफमध्ये जाऊन कायमची बसते. कितीही रीजनरेशन केलं तरी ती हलत नाही. जाळी काढून धुवावी लागते किंवा बदलावी लागते, आणि नव्या जाळीचा खर्च बऱ्याच गाड्यांत लाखाच्या घरात जातो.

साधा हिशेब करू. समजा गाडी दहा हजार किलोमीटरमध्ये अर्धा लिटर ऑइल जाळते, म्हणजे साधारण ४३० ग्रॅम. सी२, सी३, सी५ या प्रतींत राखेची कमाल मर्यादा ०.८ टक्के आहे, म्हणजे जास्तीत जास्त साडेतीन ग्रॅम राख. बॅरलमधल्या १५डब्ल्यू-४० मध्ये राख १.४ टक्के धरली तर सहा ग्रॅम. दीड लाख किलोमीटरला एकीकडे बावन्न ग्रॅम, दुसरीकडे नव्वद. जाळी तीच, साठवायची जागा तेवढीच. सीआय-४ प्लसच्या व्याख्येत राखेला मर्यादाच नाही, कारण ती डीपीएफ नसलेली इंजिनं डोळ्यांसमोर ठेवून बनली. ए३/बी४ ला १.६ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. म्हणजे स्विफ्टला चालणारं महागातलं फुल सिंथेटिकही नव्या गाडीला चुकीचं ठरू शकतं. दुकानदाराचा सल्ला अर्धा इथे पडतो.

सीजे-४ आणि सीके-४ ला एक टक्क्याची मर्यादा आहे, पण त्या प्रती मोठ्या ट्रक-बस डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या आहेत. कारच्या मॅन्युअलमध्ये नाव घेऊन दिलं असेल तरच घ्या. बाकी नव्या गाडीला मॅन्युअल सांगेल तीच सी-प्रत आणि तीच जाडी. सी५ सांगितलंय म्हणून घाबरून सी३ टाकलंत तर राखेचं नुकसान नाही, मायलेज किंचित कमी होईल. उलटं मात्र करू नका: सी३ मागणाऱ्या इंजिनात सी५ नको, बेअरिंगला तो थर पुरत नाही. वॉरंटी चालू असेल तर या अदलाबदलीही नकोत, आणि बिलावर ऑइलचं पूर्ण नाव आणि प्रत लिहून घ्या. 'इंजिन ऑइल, ४ लिटर' एवढ्याच ओळीवर वॉरंटीचा क्लेम अडतो.

कोणी म्हणेल, राख कमी म्हणजे आम्ल मारणारं द्रव्यही कमी, मग इंजिन गंजणार नाही का? जुन्या काळी हा आक्षेप रास्त होता. बीएस-३ च्या डिझेलमध्ये गंधक ३५० पीपीएमपर्यंत असायचं आणि ते जळून सल्फ्युरिक आम्ल व्हायचं. बीएस-४ ला ते ५० वर आलं, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभरच्या पंपांवर १० पीपीएमचंच डिझेल मिळतं. मारायला आम्लच उरलं नाही तर त्याच्यावरचं औषध कमी असलेलं चालतं. हे तुमच्या स्विफ्टलाही लागू आहे: गाडी जुनी असली तरी टाकीत डिझेल नवंच जातंय.

मग १५डब्ल्यू-४० कुठे? ज्यांच्यासाठी ते बनलं तिथे. जुनी बोलेरो, सुमो, ट्रॅक्स, पिकअप, ४०७, डीपीएफ नसलेला ट्रॅक्टर. त्यांना सीआय-४ प्लसचं १५डब्ल्यू-४० म्हणजे घरचं जेवण. त्यात फुल सिंथेटिक ओतून पैसे घालवण्यात अर्थ नाही. ट्रॅक्टरवाल्यांनी एवढंच सांभाळावं की गिअर आणि हायड्रॉलिकचं ऑइल इंजिनात जाणार नाही. डबे सारखे दिसतात.

सुट्या ऑइलबद्दल माझं मत स्वच्छ आहे: ज्या बॅरलचं सील माझ्यासमोर फुटलं नाही त्यातलं ऑइल मी डीपीएफच्या गाडीत टाकणार नाही. बॅरलवर नाव एक आणि आत माल दुसरा, हे बाजारात नवीन नाही. बंद कॅनमध्येही डुप्लिकेट येतं, कारण मूळ कंपनीचा रिकामा कॅन भंगारवाल्याकडे धडधाकट जातो आणि भरून परत येतो. ऑइल स्वतः घेऊन जा, झाकणाचं सील समोर फोडायला लावा, क्यूआर कोड असेल तर मोबाइलने बघा, आणि रिकामा कॅन घरी आणा किंवा तिथेच स्क्रूड्रायव्हरने दोन भोकं पाडा. मेकॅनिकला राग येऊ नये म्हणून त्याची मजुरी थोडी वाढवून द्या. बरेच मेकॅनिक ऑइलवरच्या कमिशनमुळे मजुरी कमी लावतात, तेव्हा त्याचं नुकसान तुम्ही भरून काढलंत तर तोही खुशीने तुमचं ऑइल टाकतो.

आणखी एक. ऑइल बदलताना रॉकेल किंवा डिझेल टाकून इंजिन 'धुवून' देतो म्हणणाऱ्याला स्विफ्टच्या बाबतीत तरी स्पष्ट नाही म्हणा. एवढ्या पळालेल्या इंजिनात तळाशी बसलेला गाळ एकदम सुटला की तो ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतो, आणि धुतलेलं सगळं रॉकेल बाहेर येतही नाही. फारच गाळ असेल तर चेंबर खाली उतरवून जाळी साफ करा, किंवा पुढची दोन ऑइलं तीन-तीन हजार किलोमीटरला बदला.

म्हणजे पुढच्या सर्व्हिसिंगला तुमच्या हातात बहुधा दोन कॅन असतील आणि दोन्हींवर ५डब्ल्यू-३० असेल. एसयूव्हीच्या कॅनवर मागे मॅन्युअलमधली सी-प्रत आहे ना, तेवढं काउंटर सोडायच्या आधी वाचा. स्विफ्टच्या इंजिनाला डीपीएफवाल्यासारखी राखेची अट नाही, त्यामुळे मॅन्युअलमधली प्रत जुळत असेल तर एसयूव्हीचं उरलेलं अर्धा लिटर ऑइल तिला टॉप-अपला चालेल. स्विफ्टमधलं ए३/बी४ उरलं तर ते एसयूव्हीत मात्र टाकू नका. रस्त्यात अडचण आली, पातळी मिनच्या खाली गेली आणि जवळ दुसरं काहीच नाही, तर मिळेल ते चांगल्या कंपनीचं डिझेल ऑइल अर्धा लिटर ओतून घरी या. कोरड्या इंजिनापेक्षा चार-सहा ग्रॅम राख परवडते.